पहिल्या पानाचा मानकरी

खरं सांगायचं तर हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा सुरुवात केली, दोनदा खोडलं. कारण यात मी काही फार चांगला दिसत नाही, आणि स्वतःच लिहून स्वतःच वाईट दिसायचं, हा उद्योग सांगितलाय कुणी? पण परवा आमच्या जिन्यात एकानं हीच गोष्ट मला माझ्या तोंडावर सांगितली. मी कोण हे त्याला माहीत नव्हतं. त्याच्या गोष्टीत मी नव्हतोच. सगळीकडे ओंडका. म्हटलं, बास. आता आपणच लिहायचं.

ओंडका म्हणजे माझा मित्र, शाळेपासूनचा. त्याला सकाळी जिथे बसवाल तिथेच तो संध्याकाळी सापडतो, म्हणून ओंडका. त्याच्या आईनंही हात टेकलेत, तीसुद्धा त्याला याच नावानं जेवायला बोलावते. तो कॉलेजात साहित्य शिकतो. का शिकतो, तर प्रवेशाच्या वेळी तो ज्या खिडकीसमोर जाऊन उभा राहिला ती साहित्याची निघाली, आणि तिथून हलायचा त्याला कंटाळा आला. हे मी रचून सांगत नाही. तो स्वतः सांगतो, अभिमानानं.

मी चष्म्याच्या दुकानात आहे. बारावी झाली आणि काउंटरमागे उभा राहिलो तो अजून उभाच आहे. दिवसभर लोकांना भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला लावतो. खालची ओळ कुणाला दिसत नाही आणि सगळे माझ्याकडे असं बघतात जशी ती मी मुद्दाम बारीक काढलीय. मधल्या वेळात काउंटरखाली पुस्तक. लायब्ररीतली फडताळंच्या फडताळं फस्त केलीयत मी, कुणी न शिकवता. आणि ओंडक्यानं आयुष्यात शेवटपर्यंत वाचलेली एकमेव गोष्ट म्हणजे प्रेशर कुकरबरोबर आलेला माहितीचा कागद. तोही टीव्ही बिघडला होता म्हणून.

आता सांगा, आम्हा दोघांत साहित्याचा माणूस कोण?

गिऱ्हाईक आलं. आलोच.

हां. तर ओंडक्याच्या कॉलेजात संध्याकाळचा एक वर्ग निघाला, 'साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी वाचन व लेखन कौशल्ये'. कॉलेजबाहेर लावलेल्या फलकाच्या खाली, आमच्या तक्त्यातल्या शेवटच्या ओळीइतक्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाहेरील इच्छुकांसाठी एक जागा'. मला ती ओळ वाचताना जे झालं ते सांगत नाही, लोक हसतील. दुपारीच दुकानातून सटकलो आणि कॉलेजच्या हेडक्लार्कसमोर जाऊन उभा राहिलो.

"साहित्याचे विद्यार्थी आहात?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"वाचतो मी खूप."

"ते नाही विचारलं."

"मग नाही."

"मग या वर्गात कसे बसणार? नावच आहे, साहित्याच्या विद्यार्थ्यांसाठी."

"पण बाहेरच्यासाठी एक जागा आहे ना?"

"आहे. पण ती साहित्याच्या बाहेरच्या विद्यार्थ्यासाठी आहे का विद्यार्थ्यांच्या बाहेरच्या माणसासाठी, ते अजून ठरलेलं नाही."

शेवटी ठरलं असं: मी तात्पुरतं बसायचं. महिनाअखेरीपर्यंत राहत्या जागेच्या सोसायटीकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आणायचा, सेक्रेटरीच्या सहीशिक्क्यासह. नाही आणला तर नाव कट. आणि तोवर कॉलेजातला एक विद्यार्थी जामीन हवा, आणि जामीन राहणाऱ्यानं वर्गात माझ्या शेजारीच बसायला हवं. "तुम्ही काही केलंत तर धरायला कुणीतरी पाहिजे," हेडक्लार्क म्हणाला. वाचनाच्या वर्गात मी काय करणार होतो, देव जाणे.

म्हणून ओंडका. त्याला त्या वर्गात जायचंच नव्हतं, हे लक्षात ठेवा. मी नेलं त्याला. हाताला धरून नेलं. माझ्या हातानं मी माझ्या पायावर धोंडा नेऊन ठेवला, नाही, ओंडका नेऊन ठेवला.

वर्गाच्या बाई साध्या, बारीक, आवाज हळू. चष्म्याचा नंबर जुना झालेला आणि फ्रेम एका बाजूला उतरलेली, हे मी पहिल्या मिनिटाला ओळखलं, पण म्हटलं, इथे आपण विद्यार्थी. बाईंनी एका गोष्टीच्या झेरॉक्स वाटल्या, चार पानांची गोष्ट, बाकावरच्या दोघांत एक प्रत. आमची प्रत मी धरली. साहजिक आहे. वाचणारा कोण?

गोष्ट अशी. एक एकटा माणूस. भिंतीपलीकडे एक म्हातारा राहतो, तो रोज पहाटे खोकतो आणि याची झोपमोड होते. वर्षानुवर्षं. हे सुरुवातीलाच येतं. पहिल्या पानावर हा माणूस उठतो, ऊन पायावर आलेलं असतं, निवांत चहा करतो, बंद पडलेलं घड्याळ दुरुस्त करत बसतो. दुसऱ्या, तिसऱ्या पानावर त्याच्या जुन्या आठवणी. शेवटच्या पानावर तो बाहेर येतो, म्हाताऱ्याचं दार वाजवतो, आणि संपली.

मी चटकन संपवली आणि हात वर केला. "बाई, झालं."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "इतरांचं होईपर्यंत पुन्हा वाचा."

पुन्हा वाचायला काय आहे? मी खिडकीबाहेर बघत बसलो. मग बाईंनी विचारलं, काय काय दिसलं. मी उठलो आणि आजच्या माणसाचं एकटेपण, घड्याळ म्हणजे काळाचं प्रतीक, भिंत म्हणजे माणसामाणसांतली दरी, असं सगळं सलग सांगितलं. मधे श्वाससुद्धा घेतला नाही.

बाईंनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "हे तुम्ही गोष्ट न वाचताही म्हणू शकला असता."

वर्ग हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

आणि तेवढ्यात माझ्या शेजारून, डबक्यातून बेडूक बोलावा तसा आवाज आला. "बाई, तो उशिरा उठला ना?"

"हो?"

"ऊन पायावर आलंय. म्हणजे त्याला जाग नाही आली. म्हणजे आज म्हातारा खोकलाच नाही." ओंडका जरा थांबला. "आणि ह्याच्या लक्षातच नाहीये अजून. हा चहा पितोय."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "याला म्हणतात वाचन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला आवडलं असतं म्हणायला की मित्राचं कौतुक झालं, आनंद झाला. नाही झाला. घरी येताना तो म्हणतो, "बरा आहे रे वर्ग." बरा आहे. मी त्याच्याशी कोपऱ्यापर्यंत बोललो नाही. त्याच्या लक्षात आलं नाही, आणि त्याचा मला आणखी राग आला.

पुढच्या वर्गाला तेच. नवी गोष्ट, मी भराभर वाचून पानं उलटतोय, आणि हा म्हणतो, "बाई, हिनं पत्र आल्यावर आधी हात पुसले, मग घेतलं." बाई खूष. त्याच्या पुढच्या वर्गाला, "बाई, सगळे ह्या मुलीशी बोलतायत, पण बसायला कुणी सांगत नाहीये." बाई आणखी खूष. मागच्या बाकावरच्या मुली, ज्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं, त्या ओंडक्याच्या वहीत डोकावायला लागल्या. वहीत काय होतं? काही नव्हतं. लिहायचं म्हटलं की हा गार. पण तेही त्यांना खोल वाटायला लागलं.

घरी मी तोंड पाडून बसलो तर आई म्हणाली, "मग तूही हळू वाच. त्यात काय?"

"आई, हळू वाचणं ही कला आहे."

"कसली कला? तो लहानपणापासून सगळंच हळू करतो. आपल्याकडे जेवायला आला की भांडी घासायची खोळंबतात."

ताईचं म्हणणं, पुस्तक उलटं धरून वाच, आपोआप वेग कमी होईल. समोरच्या मावशी म्हणाल्या, प्रत्येक ओळीनंतर एक घोट पाणी पी. मी करून बघितलं. गोष्टीत काही दिसलं नाही, फक्त मधे मधे उठावं लागलं. मग मला वाटलं, आपण या धंद्यातले आहोत, आपल्याला धंद्यातलं काही सुचू नये? दुकानातली नंबर तपासायची फ्रेम घेतली आणि तिच्यात चुकीचा नंबर घातला. अक्षरं एवढी धूसर झाली की एकेक शब्द अंदाजानं लावावा लागत होता. वेग जबरदस्त कमी झाला. मान्य. पण तसाच उठून गिऱ्हाइकाला चष्म्याची डबी दाखवायला गेलो आणि काचेच्या शोकेसला कपाळ धडकलं. मालक म्हणाले, "चष्म्याच्या दुकानात आंधळा नोकर ठेवलाय, असं होईल गावभर." माझ्या कपाळावर टेंगूळ आलं. ओंडक्यानं वर्गात बघितलं आणि म्हणाला, "उजव्या बाजूला आहे. म्हणजे तू डावीकडे बघत चालला होतास." याला टेंगूळसुद्धा वाचता येत होतं.

तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या तात्यांनी तोडगा काढला. तात्या निवृत्त, एकटे, लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला. ते म्हणाले, "मोठ्यानं वाच. तोंडाचा वेग डोळ्यापेक्षा कमी असतो. आणि ऐकायला माणसं बसव, म्हणजे पळ काढता येणार नाही."

घरात जागा नाही, म्हणून मी जिन्याच्या चौकात बसलो. पहिली ती खोकल्याचीच गोष्ट काढली. कारण उघड आहे. ओंडक्यानं त्या गोष्टीत जे बघितलं त्याच्यापेक्षा मला काहीतरी जास्त सापडायला हवं होतं. मावशी स्टूल घेऊन आल्या, ताई पायरीवर, आई दारात, आणि तात्यांसाठी आमची खुर्ची.

मला जास्त काही सापडलं नाही. पण बिल्डिंगला सापडलं.

शेवटचं वाक्य वाचलं, त्यानं दार वाजवलं, आणि मी थांबलो. मावशी म्हणाल्या, "पुढे?"

"पुढे नाही. संपली."

"संपली कशी? म्हातारा आहे का गेला?"

"ते सांगितलेलं नाही, मावशी. तिथेच तर मजा आहे."

"कसली मजा? माणूस आत पडलाय आणि ह्यांना मजा."

तिथून सुरू झालं ते थांबेना. रोज संध्याकाळी तीच गोष्ट वाचायची फर्माईश. दोन पक्ष पडले. मावशींचा पक्ष, म्हातारा गेला. तात्यांचा पक्ष, म्हातारा ठणठणीत आहे, लेकीकडे राहायला गेलाय. तात्यांचा पक्ष म्हणजे एकटे तात्या, पण त्यांचा आवाज मोठा. "खोकणारी माणसं सहजासहजी जात नाहीत," ते खोकत खोकत म्हणायचे. मला कुणी काही विचारतच नव्हतं. वाचणारा मी, आणि लोक म्हणतात, "तुझ्या त्या मित्राला बोलाव, तो बारीक बघतो म्हणे." ताईनं सांगितलं होतं. घरचा भेदी.

एका सकाळी, रविवार असल्यामुळे, मंडळी लवकर जमली. तात्याही खाली येऊन खुर्चीत बसलेले. आणि मावशी हात नाचवत म्हणत होत्या, "मी सांगते, म्हातारा गेला. रात्रीच गेला, झोपेत. बिचाऱ्याजवळ कुणी नव्हतं. आणि शेजारच्याला पत्तासुद्धा नाही."

नेमका तेव्हा पेपरवाला खालच्या वळणावर होता. त्याला बोलणं ऐकू येत होतं, माणसं दिसत नव्हती. बिल्डिंगमधला खोकणारा, एकटा राहणारा म्हातारा त्याला एकच माहीत. तो पेपर तसाच घेऊन उलट्या पावली खाली गेला, आणि वॉचमनला सांगितलं, तात्या गेले.

वॉचमननं सेक्रेटरीला सांगितलं. सेक्रेटरी वर जाऊन बघतील तर कसले सेक्रेटरी. त्यांनी तात्यांच्या घरी फोन लावला. फोन वाजला, उचलायला कुणी नाही, कारण तात्या आमच्या खुर्चीत बसून स्वतः जिवंत असल्याचा मुद्दा मांडत होते. खात्री पटली. सेक्रेटरींचं अक्षर सुंदर आहे आणि ते दाखवायची संधी त्यांना फार मिळत नाही. त्यांनी आवारातला सोसायटीचा फळा पुसला आणि खडूनं सावकाश लिहिलं, की आमचे आधारस्तंभ, मनमिळाऊ, हसतमुख तात्या यांचं झोपेत दुःखद निधन. मग लेकीला कळवलं.

गलका ऐकून आम्ही खाली आलो तेव्हा आवारात गर्दी. लेक गाडीतून उतरून रडत धावत येतेय, आणि जिन्यातून तात्या उतरतायत, हातात आमच्या घरचा चहाचा कप. लेक किंचाळली. वॉचमन दोन पावलं मागे सरला. तात्यांनी शांतपणे फळा वरपासून खालपर्यंत वाचला.

"मनमिळाऊ," ते सेक्रेटरींना म्हणाले. "पार्किंगवरून भांडताना हे कधी बोलला नाहीस."

मग त्यांनी जमलेल्या लोकांवरून नजर फिरवली, कोण आलंय, कोण नाही. एकंदरीत खूष दिसले. खूष नव्हते ते सेक्रेटरी. त्यांना फळा सगळ्यांसमोर पुसावा लागला.

आणि नेमका त्यांच्याच सहीचा दाखला मला हवा होता. महिना संपायला आला होता.

"चांगली वर्तणूक?" ते म्हणाले. "एका माणसाला मारलंस तू."

"मी नाही मारलं, काका. गोष्टीत आहे तसं."

"लेखी दे. काय झालं, कसं झालं, कुणामुळे झालं, सगळं. समाधान झालं तर सही. नाहीतर तुझी ती जागा गेली समज."

मग मी बसलो. मला लिहायला वेळ लागत नाही. गिऱ्हाईक गेलं की दोन ओळी, जेवणाच्या सुट्टीत एक पान, असं करत लांबलचक खुलासा झाला. आणि का कुणास ठाऊक, सेक्रेटरींकडे देण्याआधी मी तो ओंडक्याला दाखवला. का कुणास ठाऊक काय, सांगतोच. मला त्याच्याकडून एकदा 'वा' ऐकायचं होतं.

तो आमच्या जिन्यात बसला, ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. मी त्याच्या शेजारी. इतक्या वेळात माणूस अंघोळ करून, कपडे वाळत घालून येईल. शेवटी त्यानं पहिलं पान मांडीवर ठेवलं.

"तात्या कुठे आहेत?"

"येतात. पुढच्या पानावर."

"पेपरवाला?"

"तोही पुढे."

"इथे सगळा मीच आहे," तो म्हणाला. "मी वर्गात काय बोललो, मला सगळे कसे मानतात, मला काही येत नसताना. सेक्रेटरींनी माझं विचारलंय का?"

मी पान परत घ्यायला हात पुढे केला.

"तुला माझा राग आलाय का रे?"

कुणी असं सरळ विचारत नाही हो. विचारू नये. मी म्हटलं, "राग नाही. जळतो मी तुझ्यावर. मी एवढं वाचलं, आणि तू येऊन एक वाक्य बोलतोस आणि बाई चष्मा काढतात."

त्यानं पानं जुळवून बाजूला ठेवली. मला वाटलं, आता उठून जाईल. पण तो ओंडका, जातोय कुठे. मग म्हणाला, "एक विचारू? हसू नकोस. म्हाताऱ्याचं काय झालं?"

"तात्यांचं? घरी आहेत. खोकतायत."

"तात्या नाही रे. गोष्टीतला."

"म्हणजे?"

"म्हणजे शेवटी काय होतं? इतके दिवस बिल्डिंग भांडतेय, मला काही कळत नाही. विचारायची लाज वाटली."

"तू गोष्ट वाचली नाहीस?"

"पहिलं पान वाचलं."

"आणि पुढचं?"

"तू उलटलंस ना पान." तक्रार नव्हती, ऊन पडलंय म्हणावं तसं तो म्हणाला. "प्रत तुझ्या हातात असते. माझं निम्मं होतं न होतं तोवर तू उलटतोस. मग मी पुढचं अर्धवट वाचण्यापेक्षा पहिलंच मनात घोळवत बसतो. दुसरं काय करणार? बाई विचारतात तेव्हा तेवढंच असतं माझ्याकडे."

ऊन पायावर. हात पुसून घेतलेलं पत्र. बसायला न सांगितलेली मुलगी. सगळी पहिल्या पानावरची. प्रत्येक वेळी पहिल्या पानावरची. आणि मी, फडताळं रिकामी करणारा, शेजारी मांडीला मांडी लावून बसलो होतो आणि मला हे दिसलं नव्हतं.

पहिल्यांदा मला काय वाटलं, तेही सांगतो, लपवून काय उपयोग. वाटलं, म्हणजे बाईंनी जे कौतुक केलं त्यातलं निम्मं माझं आहे. पान मी उलटलं नसतं तर ह्याला काय दिसलं असतं? ही जळजळ अशी एका दिवसात जात नाही. मग मात्र हसू आलं, इतकं की मावशींनी दार उघडलं. ओंडका म्हणाला, "सांगितलं होतं, हसू नकोस."

खुलासा मी फाडला. नवा लिहिला, एकाच पानाचा. कोण कुठे बसलं होतं, पेपरवाला कुठल्या वळणावर होता, फोन का उचलला नाही. ओंडक्यानं बोट ठेवून वाचला आणि म्हणाला, "कप राहिला." मी तात्यांच्या हातातला कप घातला.

सेक्रेटरींनी तो वाचला. शेजारी तात्या उभे होतेच. "सही कर," ते म्हणाले, "नाहीतर पुढच्या वेळी फळ्यावर मी तुझ्याबद्दल लिहीन." सेक्रेटरींनी सुंदर अक्षरात दाखला दिला, 'वर्तणूक बडबडी, परंतु निरुपद्रवी'. खाली शिक्का. हेडक्लार्कनं तो दोनदा वाचला, शिक्का बोटानं चोळून बघितला आणि बाईंकडे पाठवला. बाई म्हणाल्या, "माणूस बघून लिहिलाय." मला जागा मिळाली. ओंडक्याचं जामीनपण संपलं, त्याला आता यायची गरज नव्हती.

तरी आला. बाकावर जाऊन बसला, नेहमीच्या जागी. बाईंनी नवी गोष्ट वाटली आणि प्रत माझ्यासमोर ठेवली. माझी बोटं सवयीनं कागदाच्या कोपऱ्याशी गेली. मी प्रत त्याच्यापुढे सरकवली.

"पान तू उलटायचं," मी म्हटलं. "तुझं झालं की. मी विचारणार नाही, झालं का, किती राहिलं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "आणि तुझा जीव कासावीस झाला तर?"

"झाला तर होऊ दे. हात खिशात ठेवतो. शेवटपर्यंत."